पडलेली पापणी: शस्त्रक्रियेआधी फिनाइलेफ्रिनचा थेंब कसा टाकायचा, कसा वाचायचा

ओपीडीत टोसिसचा, म्हणजे वरची पापणी पडलेला, पेशंट आला की नवीन रेसिडेंटचा (शिकाऊ डॉक्टरचा) हात आधी थेंबाच्या बाटलीकडे जातो. पाच मिनिटांत पापणी वर गेलेली दिसते, फोटो निघतो, फाइलवर ‘फिनाइलेफ्रिन पॉझिटिव्ह’ असा शेरा पडतो. मी त्यांचा हात धरते आणि सांगते, थेंब शेवटी. त्याआधी जे बघायचं असतं ते थेंब पुसून टाकतो, आणि पुसलेलं त्या दिवशी परत मिळत नाही.

सोलापुरात मी पापण्यांच्या शस्त्रक्रिया करते. धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडून विजयपूर, कलबुर्गीहूनही लोक येतात. बरेचसे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पापणी हळूहळू उतरलेले, काही वयामुळे, काही वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरलेले. त्यांच्यासाठी ही तपासणी फार मोलाची आहे. ती नीट व्हावी म्हणून इथे सगळं सविस्तर लिहिते आहे, रेसिडेंटसाठी आणि ऑप्टोमेट्रिस्टसाठी. पेशंटच्या घरच्यांनीही वाचलं तर चांगलंच. पण घरी करून बघायची ही गोष्ट नाही, हे त्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

थेंब नेमकं काय करतो

वरची पापणी उचलण्याचं मुख्य काम लिव्हेटर स्नायूचं. त्याला आज्ञा तिसऱ्या मेंदूनसेतून मिळते. त्याच्या खालच्या अंगाला, पापणीच्या आतल्या अस्तराला चिकटून, म्युलरचा छोटा स्नायू असतो. तो आपल्या इच्छेने हलत नाही, सिंपथेटिक म्हणजे आपोआप काम करणाऱ्या नसांवर चालतो आणि पापणीला साधारण २ मिलिमीटरची उंची देतो. माणूस दचकला की डोळे मोठे होतात, झोप आली की पापण्या जड होतात, त्यात या स्नायूचा वाटा असतो. फिनाइलेफ्रिन हे औषध थेट त्यालाच आकुंचन पावायला लावतं. म्हणजे थेंब टाकून आपण विचारतो ते इतकंच: हा स्नायू आखडला तर पापणी किती वर येईल? तेवढी उंची पेशंटला पुरणार असेल, तर पापणीच्या आतल्या बाजूने हाच स्नायू थोडा आखूड करण्याची शस्त्रक्रिया विचारात घेता येते. बाहेर कातडीवर टाका नाही, व्रण नाही.

पापणी का पडली, हे मात्र थेंब सांगत नाही. आणि ते आधी कळायला हवं.

थेंबाआधी बाहुल्या बघा

सगळ्यात आधी, डोळ्यात काहीही टाकण्यापूर्वी, दोन्ही बाहुल्या बघा. उजेडात बघा, मग खोलीतला दिवा मालवून अंधारात बघा. फिनाइलेफ्रिनने बाहुली पसरते. एकदा ती पसरली की त्या दिवशी तिच्याकडून काही कळायचं नाही.

बाहुली लहान आणि पापणी जेमतेम १–२ मिलिमीटर पडलेली, अंधारात दोन बाहुल्यांमधला फरक वाढतोय, तर हॉर्नर सिंड्रोम असू शकतो. म्हणजे सिंपथेटिक नसांच्या लांब वाटेवर कुठेतरी अडथळा आहे. ती वाट मेंदूपासून खाली पाठकण्यात, तिथून फुप्फुसाच्या टोकावरून, मग मानेतल्या कॅरोटिड धमनीला धरून वर डोळ्यापर्यंत येते. अशा पेशंटची पापणी फिनाइलेफ्रिनने मस्त उचलली जाते, कारण नसेचा पुरवठा तुटलेला स्नायू औषधाला जास्तच संवेदनशील होतो. तपासणी छान पॉझिटिव्ह, आणि खरा आजार छातीत किंवा मानेत. बार्शीकडच्या एका काकांची पापणी अशीच जराशी उतरलेली होती. वर्षानुवर्षं बिडी, आणि खांद्यापासून हातात उतरणारी कळ. त्यांच्या डोळ्यात मी कुठलाच थेंब टाकला नाही. त्यांना आधी छातीच्या सीटी स्कॅनला पाठवलं. फुप्फुसाच्या टोकावर गाठ निघाली. पापणी अचानक पडली असेल आणि त्याच बाजूची मान किंवा चेहरा दुखत असेल, तर कॅरोटिडची भिंत आतून फाटली असण्याची शक्यता असते. तो पेशंट त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोचायला हवा.

उलट, बाहुली मोठी, डोळा बाहेर आणि खाली ढळलेला, पापणी पार मिटलेली: हा तिसऱ्या नसेचा लकवा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला असेल तर असं होतं. इथेही थेंबाचं काम नाही, तातडीचा स्कॅन हवा.

मायस्थेनियाकडेही, म्हणजे स्नायू वापरता वापरता थकत जाण्याच्या आजाराकडेही, नजर असू द्या. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडते का, दोन-दोन दिसतं का, गिळताना किंवा बोलताना थकवा येतो का, हे विचारा. पेशंटला पापणी न मिटता एक मिनिट वर बघायला लावा आणि पापणी घसरत खाली येते का पाहा. शंका वाटली तर मिटलेल्या पापणीवर २ मिनिटं बर्फ ठेवून पुन्हा मोजा. मायस्थेनियातही फिनाइलेफ्रिनने पापणी वर जाऊ शकते. म्हणून ‘थेंबाने उचलली, म्हणजे साधंच आहे’ हा निष्कर्ष कधीच काढायचा नाही.

पापणी खरंच पडली आहे का, हेही तपासा. साठीनंतर बऱ्याच जणांची पापणी जागेवरच असते, फक्त सैल कातडी तिच्या कडेवरून लोंबते. बोटाने ती कातडी हलकेच उचला आणि कड कुठे आहे ते बघा. कधी थायरॉइडमुळे दुसरा डोळा मोठा झालेला असतो आणि त्यामुळे बरा डोळा पडल्यासारखा दिसतो.

लिव्हेटर मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

भुवईवर अंगठा घट्ट दाबून धरा, म्हणजे कपाळाची मदत बंद होते. पेशंटला पार खाली बघायला सांगा, मग पार वर. पापणीची कड किती मिलिमीटर सरकली ते पट्टीवर वाचा. १२ मिलिमीटरच्या वर म्हणजे उत्तम. ५ ते ११ मध्यम. ४ किंवा त्याहून कमी म्हणजे लिव्हेटर जवळजवळ काम करत नाही. अशा डोळ्यात म्युलरच्या थेंबाला फारसा अर्थ नाही. तिथे पापणी कपाळाच्या स्नायूला जोडण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. जन्मजात टोसिसची बरीच मुलं याच गटात असतात.

एक बारीक खूण शिकून ठेवण्यासारखी आहे. पेशंट खाली बघताना पडलेली पापणी दुसरीपेक्षा आणखी खालीच राहते, आणि पापणीवरची घडी नेहमीपेक्षा वर सरकलेली असते: मग लिव्हेटरचा पातळ पडदा ताणला किंवा सुटला आहे, स्नायू शाबूत आहे. जन्मजात टोसिसमध्ये उलट होतं. स्नायू ताठर असतो, म्हणून खाली बघताना तीच पापणी वर अडकून राहते.

रक्तदाब, उथळ डोळा आणि बाटलीवरचा आकडा

फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं. डोळ्यातला जादा थेंब अश्रुनळीतून नाकात उतरतो आणि तिथल्या अस्तरातून थेट रक्तात जातो. एका थेंबात साधारण ०.०५ मिलिलिटर औषध असतं. हिशेब करून बघा: १० टक्क्यांच्या एका थेंबात ५ मिलिग्रॅम फिनाइलेफ्रिन येतं, २.५ टक्क्यांच्या थेंबात सव्वा मिलिग्रॅम. भूलतज्ज्ञ ऑपरेशनमध्ये रक्तदाब खाली आला की हेच औषध शिरेतून ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम देतात. डोळ्यातला सगळा थेंब रक्तात जात नाही हे खरं, पण या आकड्यांकडे बघितलं की १० टक्क्यांची बाटली उचलताना हात आपोआप थांबतो. मी २.५ टक्केच वापरते.

आपल्याकडे ओपीडीत हाताशी असते ती बाहुली मोठी करायची बाटली, ज्यात ट्रॉपिकॅमाइड ०.८ टक्के आणि फिनाइलेफ्रिन ५ टक्के एकत्र असतं. घाईत तीच टाकली जाते. त्यातल्या ट्रॉपिकॅमाइडचा पापणीला काही उपयोग नाही. त्याने जवळचं धूसर होतं, बाहुली तासन्‌तास पसरून राहते आणि पेशंटचा दिवस फुकट जातो. शिवाय त्यातल्या फिनाइलेफ्रिनची ताकदही आपल्याला हवी त्याच्या दुप्पट. नुसत्या फिनाइलेफ्रिनची बाटली वेगळी ठेवा, आणि प्रत्येक वेळी लेबलवरचे टक्के स्वतः वाचा.

थेंबाआधी रक्तदाब मोजलेला हवा. तो वाढलेला असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, ठोके अनियमित असतील, थायरॉइड अनावर असेल, तर तपासणी पुढे ढकला. घ्यायच्या गोळ्यांची यादी मागा. नैराश्यासाठीच्या ट्रायसायक्लिक किंवा एमएओ गटातल्या गोळ्या चालू असतील तर फिनाइलेफ्रिनचा परिणाम खूप वाढू शकतो. लोक बीपी आणि शुगरच्या गोळ्या सांगतात, मनाच्या आजाराच्या गोळ्या सांगायला संकोचतात. नातेवाइकांना जरा बाहेर बसवून, हळू आवाजात विचारा. हा प्रश्न मी कुणाच्याही बाबतीत वगळत नाही.

मग डोळ्याची खोली. कानशिलाच्या बाजूने टॉर्चचा झोत बुबुळावर आडवा टाका. नाकाकडच्या अर्ध्या बुबुळावर सावली पडली तर पुढची जागा उथळ आहे, आणि बाहुली पसरल्यावर डोळ्यातलं पाणी जिथून निचरा होतं तो कोन बंद होऊन काचबिंदूचा झटका येऊ शकतो. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, कोन नीट तपासेपर्यंत थेंब नको.

मोजमाप

यावर सगळी तपासणी उभी आहे, म्हणून इथे वेळ द्या. मोजायचं ते एमआरडी-१, म्हणजे बुबुळाच्या मधोमध पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर. सर्वसाधारण डोळ्यात ते ४ ते ५ मिलिमीटर असतं.

पेशंटसमोर, डोळ्याला डोळा येईल अशा उंचीवर बसा. तुम्ही उंच बसलात तर पेशंट मान वर करतो आणि आकडा बदलतो. टॉर्च तुमच्या दोन डोळ्यांच्या मध्ये धरा आणि पेशंटला टॉर्चकडे बघायला सांगा. त्याआधी एक करा: डोळे अलगद मिटायला लावा, कपाळ सैल सोडायला सांगा आणि मग हळूच उघडायला सांगा. पापणी पडलेली माणसं नकळत भुवया चढवून जगत असतात. कपाळावरच्या आठ्यांवरून ते लगेच दिसतं. भुवई चढलेली असताना घेतलेला आकडा खोटा असतो. पापणी इतकी खाली असेल की ठिपकाच दिसत नाही, तर ती बोटाने ठिपका दिसेपर्यंतच उचला आणि जितके मिलिमीटर उचलावी लागली तितका उणे आकडा लिहा.

दोन्ही डोळ्यांचा एमआरडी-१ लिहा. नुसती डोळ्याची फट, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, मोजून भागत नाही. खालच्या पापणीतही सिंपथेटिक नसांवर चालणारा बारीकसा स्नायू असतो. थेंबाने तीही थोडी खाली सरकते, फट मोठी दिसते आणि वरची पापणी आहे त्याहून जास्त उचलली असं वाटतं. त्याच उंचीवरून, त्याच दिव्यात, भुवयांसकट दोन्ही डोळे येतील असा एक फोटो काढा.

थेंब

आधी भुलीचा, प्रोपॅराकेनचा, एक थेंब. फिनाइलेफ्रिन झोंबतं, आणि झोंबलं की पेशंट डोळा घट्ट मिटून औषध गालावर सांडतो.

मिनिटभराने पेशंटला मान मागे टेकवायला लावा. आता नेहमीसारखा खालच्या पापणीत थेंब टाकायचा नाही. पेशंटला पायाकडे बघायला सांगा, वरची पापणी कडेपाशी धरून वर उचला आणि डोळ्याच्या वरच्या पांढऱ्या भागावर एक थेंब सोडा. म्युलरचा स्नायू वरच्या पापणीच्या अस्तरामागेच आहे, औषध तिथेच पोचायला हवं. डोळा अलगद मिटायला लावा, मिचकवू देऊ नका. नाकालगतचा आतला कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही. बाहेर आलेलं कापसाने टिपा.

एकाच बाजूची पापणी पडली असेल तर फक्त त्याच डोळ्यात. दोन्ही पडल्या असतील तर आधी जास्त पडलेल्या डोळ्यात टाका, दुसऱ्या डोळ्याचं काय होतं ते बघा, आणि मगच दुसऱ्यात टाकायचं की नाही ते ठरवा.

५ मिनिटांनी पुन्हा मोजा. डोळ्याचा पांढरा भाग आणखी फिकट झाला असेल, बारीक रक्तवाहिन्या दिसेनाशा झाल्या असतील, तर औषध पोचलं. बाहुली पसरण्याची वाट बघत बसू नका. आपल्याकडच्या गडद बुबुळात ती उशिरा पसरते, पापणी त्याआधीच हललेली असते. काहीच हाललं नसेल तर दुसरा थेंब आणि आणखी ५ मिनिटं. त्यानंतर तिसरा नाही.

दुसरा डोळा सोडू नका

पापणी उचलली की सगळ्यांचं लक्ष त्याच डोळ्याकडे लागतं. मी दुसऱ्या डोळ्याकडे बघते.

मेंदू दोन्ही पापण्यांना सारखीच आज्ञा पाठवतो. डोळ्यांच्या हालचालींबद्दलचा हा नियम एकोणिसाव्या शतकात एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मांडला, आणि पापण्यांनाही तो लागू पडतो. एक पापणी पडली की मेंदू दोन्हींकडे जास्त जोर लावतो. त्या जोरावर दुसरी पापणी, तीही जराशी पडलेली असली तरी, ताठ उभी राहते. थेंबाने पहिली उचलली गेली की मेंदू जोर कमी करतो, आणि दुसरीचं खरं रूप बाहेर येतं.

पंढरपूरहून आलेल्या एका मावशींचा उजवा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक झाला होता. डावा अगदी ठीक दिसत होता, ३.५ मिलिमीटर. उजव्यात थेंब टाकला, पाच मिनिटांनी उजवा १ वरून ३.५ वर आला आणि डावा २ वर उतरला. मावशींनी आरसा घेतला आणि म्हणाल्या, ‘‘मॅडम, ह्यो उघडला तर त्यो का मिटाया लागला?’’ तो प्रश्न शस्त्रक्रियेनंतर टाके काढताना विचारला जाण्यापेक्षा आधी विचारला जाणं किती चांगलं! त्यांच्या दोन्ही पापण्या एकाच बैठकीत केल्या. म्हणून मी आरसा पेशंटच्याच हातात देते, आणि मुलगा किंवा सून सोबत असेल तर त्यांनाही जवळ बोलावते. फोटो दाखवून इतकं नीट समजत नाही.

आकड्यावरून काय ठरवायचं

लिव्हेटर चांगला आहे, पापणी फार पडलेली नाही आणि थेंबाने ती २ मिलिमीटरच्या आसपास उचलून दुसऱ्या डोळ्याच्या पातळीला आली, तर म्युलर स्नायू आणि त्यावरचं अस्तर आतल्या बाजूने कापून आखूड करण्याची शस्त्रक्रिया योग्य. ॲलन पुटरमन आणि मार्टिन उरिस्ट यांनी ती १९७५ मध्ये मांडली. थेंबाने पापणी नेमकी हव्या त्या उंचीला आली तर साधारण ८ मिलिमीटर कापायचं, थोडी कमी पडली तर जास्त, वर निघून गेली तर कमी. बरेच सर्जन १ मिलिमीटर उचलण्यासाठी ४ मिलिमीटर कापण्याचा हिशेब धरतात. हे आकडे सुरुवातीचे, प्रत्येकाने आपल्या हाताप्रमाणे ते बसवून घ्यायचे असतात.

थेंबाला काहीच प्रतिसाद नाही आणि लिव्हेटर मात्र दमदार, तर मी कातडीकडून जाऊन लिव्हेटर पुढे ओढून बसवते. थेंबाने न उचललेल्या पापण्याही आतल्या शस्त्रक्रियेने उचलल्या गेल्याचे अनुभव अनेक सर्जनांनी नोंदवले आहेत, कारण त्या शस्त्रक्रियेत नुसता म्युलर आखूड होत नाही, लिव्हेटरही काहीसा पुढे येतो. म्हणून ‘थेंब निगेटिव्ह’ हा शेवटचा निकाल मानू नका. तरी पेशंटला आधीच आरशात दाखवता येईल अशी उंची मला हातात हवी असते, आणि ती नसेल तर पुढूनचा रस्ताच मला पटतो.

पेशंटला घरी पाठवताना

डोळा उघडल्याचा आनंद मोठा असतो, म्हणून थेंबाच्या आधीच सांगा की हे काही तासांपुरतं आहे. उजेड डोळ्यावर येईल, तोवर दुचाकी चालवू नका. छातीत धडधडलं, डोकं खूप दुखलं, डोळा लाल होऊन दुखायला लागला, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसली, तर लगेच परत या.

आणि हे ठामपणे सांगा: हा थेंब दुकानातून आणून रोज टाकायचा नाही. काही जण बाटलीचं नाव टिपून नेतात. रोजच्या वापराने डोळा लाल राहतो, बाहुली पसरलेली राहते, रक्तदाब वाढतो. रोज टाकायचा, पापणी उचलणारा एक थेंब जगात आहे, ०.१ टक्के ऑक्सिमेटाझोलीन. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. इंटरनेटवर त्याचं नाव वाचून कुणी सर्दीसाठी नाकात टाकायचं ऑक्सिमेटाझोलीन डोळ्यात टाकू नये. ते डोळ्यासाठी बनवलेलं नाही.

फाइलवर ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहू नका. औषधाचे टक्के, कोणता डोळा, किती थेंब, दोन्ही डोळ्यांचा आधीचा आणि नंतरचा एमआरडी-१, किती मिनिटांनी, आणि बाहुल्या आधी कशा होत्या, हे सगळं लिहा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते पान समोर हवं. भुलीच्या इंजेक्शनमध्ये रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ॲड्रेनलीन असतं आणि तेही म्युलरच्या स्नायूला आकुंचित करतं. लिव्हेटरची शस्त्रक्रिया करताना पेशंटला उठवून बसवलं की पापणी छान वर दिसते. त्यातली काही उंची औषधाची असते, ओसरल्यावर ती उतरते. ओपीडीत थेंबाने पापणी किती वर गेली होती हे पानावर असेल, तर त्यातली किती उंची औषधाची असू शकते याचा अंदाज बांधता येतो, आणि टाका कुठे बांधायचा ते ठरवता येतं.